दाटीवाटीतला रविवार

सकाळी ६

रविवार हा माझ्या कामाचा दिवस. सांगलीत वाचनालयाच्या सभागृहात महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दिवसभर चित्रपट दाखवतो आणि त्याची सगळी जुळवाजुळव माझ्याकडे असते. आज चार आहेत. सकाळी चार्ली चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’, मग बासू चटर्जींचा ‘छोटी सी बात’, दुपारी सई परांजपे यांचा ‘कथा’ आणि संध्याकाळी सचिन पिळगावकरांचा ‘अशी ही बनवाबनवी’. परवानग्यांची पत्रं फाइलला लागली आहेत, चित्रपट कालच तपासून झाले आहेत. आता उरलं आहे ते बोलायचं काम. प्रत्येक चित्रपटाआधी पाच मिनिटं आणि नंतर लोक थांबतील तितका वेळ.

चहा घेत टिपणं वाचते. हे चार चित्रपट मी एका कारणासाठी एकत्र लावले आहेत. प्रेमाच्या विनोदी चित्रपटात योगायोग फार, असं म्हणून जाणती माणसं नाक मुरडतात. मला ते पटत नाही. हे योगायोग आकाशातून पडत नाहीत, ते जागेच्या टंचाईतून येतात. बससाठी रांग असते, भाड्याने खोली मिळत नाही, चाळीची गॅलरी सामाईक असते, रस्त्यावर गाड्यांची कोंडी झालेली असते. ऐसपैस जागा असली की माणसाला माणूस टाळता येतो. दाटीत टाळता येत नाही. मग बोलणं निघतं, भांडण निघतं, सोंगं निघतात आणि एखाद्या वेळी लग्नही निघतं. आज दिवसभर मला हेच सांगायचं आहे.

सकाळी ७:३०

सभागृह उघडलं. शिपाईमामांनी खिडक्यांना काळे पडदे लावले आहेत. पावसाळी हवा असल्यामुळे ऊन आत येण्याची धास्ती नाही, पण विजेचं सांगता येत नाही, म्हणून यूपीएस आधी तपासायचा. प्रोजेक्टरवाले काका शिडीवर आहेत.

“काका, चॅप्लिनचं चित्र ताणू नका हं. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू दे.”

“लोक म्हणतील अर्धाच पडदा वापरला.”

“म्हणू देत. मी सांगते त्यांना.”

१९३१ चा चित्रपट आजच्या रुंद पडद्यासाठी काढलेला नाही, त्याची चौकट जवळजवळ चौकोनी आहे. ती ताणली की चार्ली बुटका आणि जाड दिसतो, त्याची चाल बिघडते. ज्या नटाने सगळं चालीतून सांगितलं, त्याची चाल बिघडवणं मला सहन होत नाही.

आवाजाचंही एक गणित आहे. रिकाम्या सभागृहात जो आवाज पुरेसा वाटतो, तो विनोदी चित्रपटाला कमी पडतो. हशा उठला की पुढचं वाक्य बुडतं आणि त्याच वाक्यावर पुढचा हशा उभा असतो. म्हणून ‘बनवाबनवी’साठी आवाज थोडा चढा ठेवायचा, असं आम्ही ठरवून ठेवलं आहे.

सकाळी ९:३०

पुढच्या रांगा मुलांनी भरल्या आहेत. जुना, काळा-पांढरा आणि मुका चित्रपट म्हटल्यावर दोघं-तिघं कुरकुरली. मी त्यांना एवढंच सांगितलं की हा चित्रपट आला त्याच्या तीन-साडेतीन वर्षं आधीच अमेरिकेत ‘द जॅझ सिंगर’ने पडद्यावर बोलायला सुरुवात केली होती. आपल्याकडेही १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला. त्याच वर्षाच्या जानेवारीत, ३० तारखेला, लॉस एंजेलिसमध्ये चॅप्लिनने न बोलणारा चित्रपट लोकांपुढे ठेवला आणि त्या पहिल्या खेळाला त्याच्यासोबत आल्बर्ट आइन्स्टाइन होते. सगळं जग बोलायला लागलेलं असताना गप्प राहायला किती हिंमत लागली असेल. संगीतही त्याने स्वतः बांधलं. त्यातल्या फुलवालीसाठी मात्र होसे पादिया या स्पॅनिश संगीतकाराची जुनी धून घेतली.

दिवे घालवल्यावर मी मागे उभी राहते. माझं लक्ष एका दृश्याकडे असतं. रस्त्यात गाड्या अडकल्या आहेत, मध्ये मोटारसायकलवरचा पोलीस उभा आहे. त्याला चुकवायला चार्ली एका थांबलेल्या मोटारीत एका दाराने शिरतो आणि दुसऱ्या दाराने फुटपाथवर उतरतो. दार धाडकन बंद होतं. फुटपाथवर फुलं विकणारी मुलगी ते ऐकते आणि समजते की कुणी बडा माणूस मोटारीतून उतरला. ती फूल पुढे करते. ते त्याच्या धक्क्याने खाली पडतं, तो उचलतो, आणि ती मात्र जमिनीवर चाचपडतच राहते. तेव्हा त्याला कळतं की तिला दिसत नाही. नाणं देऊन तो सुट्ट्या पैशांसाठी उभा असतो, तेवढ्यात मोटारीचा खरा मालक येऊन बसतो आणि निघून जातो. ती समजते, सुटे न घेताच गेला. आता ह्याला तिथून पाय न वाजवता सटकायला हवं. तो सटकतो, पण लांब जात नाही. जरा बाजूला बसून तिच्याकडे टक लावून पाहत राहतो, आणि ती फुलांच्या भांड्यातलं पाणी नेमकं त्याच्या तोंडावर फेकते.

मुलं खदखदून हसली. त्यांच्या मागे बसलेल्या मोठ्यांपैकी काहीजण हसले नाहीत. एकाच क्षणाला एका सभागृहात हे दोन्ही होतं.

आंधळी मुलगी एका भणंगाला श्रीमंत समजते, हे एकही शब्द न बोलता कसं दाखवायचं, यावर चॅप्लिन अडून बसला होता. फुलवाली झालेल्या व्हर्जिनिया चेरिलबरोबर त्याने या प्रसंगाचे तीनशेहून अधिक टेक घेतले, मध्ये तिला काढून टाकलं, पुन्हा बोलावलं. शेवटी उत्तर सापडलं ते दाराच्या आवाजात, आणि तो आवाजसुद्धा आपण कानाने ऐकत नाही, तिच्या मान वळवण्यातून ऐकतो. रस्ता मोकळा असता तर मोटार थांबली नसती आणि ही गोष्टही झाली नसती.

याच चित्रपटात उलटी बाजूही आहे, आणि मला ती प्रेमकथेइतकीच मोलाची वाटते. नदीत जीव द्यायला निघालेल्या एका लक्षाधीशाला चार्ली वाचवतो. दारूच्या नशेत तो माणूस त्याला गळ्यातला ताईत मानतो, बंगल्यावर नेतो, मोटार देऊन टाकतो. सकाळी शुद्धीवर आला की हाच मित्र त्याला ओळखू येत नाही, नोकराकरवी हाकलून देतो. एवढा प्रशस्त बंगला, पण त्यात मैत्री एक रात्रसुद्धा टिकत नाही. फुलवालीच्या लहानशा खोलीत मात्र आजी, नात आणि हा आगंतुक सहज मावतात.

शेवटच्या प्रसंगाबद्दल मी आधी काही सांगत नाही. तिला दिसू लागलं आहे आणि ती त्याला पाहून हसते आहे, चेष्टेनं. मग नाणं देताना त्याचा हात तिच्या हातात येतो. पहिल्या रांगेतली एक मुलगी खुर्चीच्या कडेवर आली आणि शेजारच्या भावाला म्हणाली, “आता कळलं तिला!” मला याहून जास्त काही बोलायचं नव्हतं.

सकाळी ११:१५

चहा झाला. मुलं गेली, कॉलेजची पोरं आणि निवृत्त मंडळी आली. ‘छोटी सी बात’ सुरू.

१९७६ चा हा चित्रपट ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या १९६० च्या इंग्रजी चित्रपटावरून घेतलेला, पण बासूदांनी तो असा मुंबईत वसवला की मूळ गाव कुठलं हे विचारायचं भान राहत नाही. अमोल पालेकरांचा अरुण बेस्टच्या रांगेत विद्या सिन्हाच्या प्रभामागे उभा राहतो आणि तोंड उघडत नाही. असरानीचा नागेश स्कूटरवर येतो, बोलतो, हसवतो, तिला घेऊन जातो. ज्याच्याकडे वाहन आहे तो पुढे, जो रांगेत आहे तो मागे. मग अरुण एक मोटारसायकल घेतो, पण त्याच्या गळ्यात मोडकी गाडी बांधली जाते. शेवटी तो खंडाळ्याला अशोककुमारच्या कर्नलकडे जाऊन माणसांना गुंडाळायचं शिक्षण घेतो. जहांगीर आर्ट गॅलरीतलं ‘समोवार’ या चित्रपटात आहे. १९६४ ला उघडलेलं ते उपाहारगृह २०१५ ला बंद झालं. अरुंद, लांबुळकं, टेबलाला टेबल लागलेलं. तिथे शेजारच्याचं बोलणं कानावर पडणारच.

दुपारी १:३०

दिवे लागले आणि एका कॉलेजच्या मुलीने हात वर केला.

“ताई, तो रोज तिच्या ऑफिसपर्यंत मागे मागे जातो. मला हे अजिबात आवडलं नाही. खऱ्या आयुष्यात मी घाबरले असते.”

मी तिला सांगितलं की हे खटकायलाच हवं, आणि जुना चित्रपट आहे म्हणून ते झाकायचं कारण नाही. पण याच चित्रपटात प्रभाला स्वतःचं मन आहे, तेही पाहू. तिला तो मागे येतो हे माहीत असतं, हा कधी तोंड उघडतो याची ती वाट पाहते. आणि चित्रपट अरुणला बक्षीस देतो ते मागे चालण्याबद्दल देत नाही. कर्नलचे सगळे डाव नागेशवर चालतात. प्रभावर शेवटचा डाव टाकायची वेळ येते तेव्हा अरुणच्याने तो टाकवत नाही. शिकलेलं सगळं खाली ठेवून तो खरं बोलतो, तेव्हाच गोष्ट पुरी होते.

मुलीचं पूर्ण समाधान झालं नाही. “तरी पहिला अर्धा तास मी जीव मुठीत धरून बसले होते,” ती म्हणाली. तिचं म्हणणं मी वहीत लिहून घेतलं, कारण पुढच्या वेळी चित्रपटाआधी मी जे बोलेन त्यात ते यायला हवं.

मग मागून आमचे नेहमीचे एक काका उठले. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य घालवलेले. ते फार बोलत नाहीत, आज बोलले.

“मॅडम, रांगेत माणूस आपणहून बोलत नाही. गाडी लेट झाली की बोलतो. तक्रार करायला शेजारी लागतोच ना. आमच्या स्टँडवर गाडी तासभर लेट असली की डबे सुटायचे, पोरांचं शिक्षण निघायचं, कुणाच्या तरी भाच्याला स्थळ निघायचं. वेळेवर सुटणाऱ्या गाडीत सगळे झोपतात.”

सभागृह हसलं, ती मुलगीही हसली. बाहेर पायऱ्यांवर ती काकांना काहीतरी विचारत उभी होती. काका हाताने दाखवून सांगत होते, तिकिटांचा ट्रे कसा धरायचा आणि पंच कसा वाजवायचा.

दुपारी २

पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा. प्रोजेक्टरवाले काका, शिपाईमामा आणि मी तिकीटखिडकीच्या टेबलावर जेवलो. एकदा वीज गेली आणि लगेच आली.

दुपारी ३

‘कथा’. माझ्या मते आजच्या चारांत सगळ्यात धारदार हाच.

सईबाईंनी १९८१ ला ‘चश्मे बद्दूर’ केला. दिल्लीतल्या एका खोलीत राहणारे तीन मित्र, आणि साबणाची पूड विकायला दारात आलेली दीप्ती नवल. त्यात फारुख शेख सज्जन, पुस्तकी. दोनच वर्षांनी ‘कथा’मध्ये त्यांनी त्याच गोड चेहऱ्याच्या फारुखला थापाड्या बाशू केलं. हे मला फार हुशारीचं वाटतं, कारण आपणही त्याच्यावर भाळतो. त्यातली नायिका संध्या फसते तेव्हा तिला नावं ठेवायला आपल्याला तोंड राहत नाही.

मूळ नाटक शं. गो. साठे यांचं, ‘ससा आणि कासव’. नसीरुद्दीन शाहचा राजाराम जोशी हा चाळीत राहणारा कारकून. त्याच्या एका खोलीत बाशू पाहुणा म्हणून शिरतो आणि त्याचे कपडे, त्याचे पैसे, त्याच्या कचेरीतली नोकरी आणि त्याच्या मनातली मुलगी, सगळ्यालाच हात घालतो. चाळ पुण्यातली खरीखुरी आहे. म्हणून तिच्यात कॅमेरा फिरतो तो लोकांच्या अंगाला घासून फिरतो. गॅलरीतून राजाराम जातो तेव्हा प्रत्येक दारात काहीतरी चाललेलं असतं आणि प्रत्येकाचं त्याच्याकडे काहीतरी काम असतं. तो कुणालाही नाही म्हणत नाही. त्याचा भलेपणा कुठल्या भाषणातून कळत नाही, गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचायला त्याला किती वेळ लागतो यातून कळतो. बाशूही त्याच गॅलरीतून जातो. थाप, लाडीगोडी, कुणाच्या घरचं काहीतरी तोंडात, आणि झटक्यात पार.

शेवटही सईबाईंनी गुळमुळीत केला नाही. बाशू पळून जातो. संध्या राजारामपासून काही लपवत नाही, बाशूबरोबर काय घडलं ते सांगून टाकते. राजाराम मागे हटत नाही. १९८३ च्या हिंदी चित्रपटात, विनोदी म्हणवणाऱ्या चित्रपटात, मध्यमवर्गीय मराठी मुलगी हे बोलते आणि तिचं लग्न मोडत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी गंभीर चित्रपटांना तेव्हा हे धाडस झालं नव्हतं. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘कथा’ला मिळाला, तो योग्यच मिळाला.

संध्याकाळी ५:३०

चर्चेत मी चाळीचं कौतुक करत होते. दाटीमुळे माणसं जवळ येतात हे सकाळपासूनचं सूत्र पुढे नेत होते. तेव्हा लालबागच्या चाळीत लग्न होऊन गेलेल्या एका काकूंनी मला थांबवलं.

“अगं, जवळ येतात हे खरं. पण नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे म्हटलं तर जागा नव्हती गं. सासू, सासरे, दीर, नणंद, सगळे एका खोलीत. बोलायला आम्ही भाजी आणायच्या निमित्तानं बाहेर पडायचो. भाजी थोडी आणि चालणं फार.”

त्या हे हसत सांगत होत्या, पण सभागृहातल्या त्यांच्या वयाच्या बायका नुसत्या मान हलवत होत्या. अनोळखी माणसांना जवळ आणणारी तीच दाटी, ज्यांना जवळ यायचं आहे त्यांना दूर ठेवते. माझ्या सूत्राला ही दुसरी बाजू हवीच होती आणि ती पुस्तकातून मला मिळाली नसती. या अडचणीवरच राजा ठाकूरांनी १९७० ला ‘मुंबईचा जावई’ काढला. बासू चटर्जींनी दोन वर्षांनी त्यावरून हिंदीत ‘पिया का घर’ केला. नवं लग्न, भरलेलं घर आणि नवराबायकोला एकांत नाही. काकूंना चित्रपटाचं नाव सांगितल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. “बघितलाय की! ह्यांच्याबरोबरच बघितला. थिएटरमध्ये तरी शेजारी बसायला मिळायचं!”

संध्याकाळी ६:३०

‘अशी ही बनवाबनवी’ला खुर्च्या पुरल्या नाहीत. सतरंज्या काढल्या, तरी मागे माणसं उभी राहिली. आजोबा, आई आणि नातू अशा तीन पिढ्या एका रांगेत होत्या आणि तिघांनाही संवाद पाठ. वसंत सबनीसांची वाक्यं अशोक सराफांच्या तोंडून यायच्या आधी सभागृहातून येत होती. आवाज चढा ठेवूनही कमी पडला.

१९८८ चा हा चित्रपट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला. हिंदी चित्रपट आता फारसा कुणाला आठवत नाही, मराठी मात्र घरोघरी मुक्कामाला आहे. मला त्याचं कारण पुण्यातल्या घरमालकांत दिसतं. सुधीर जोशींचे विश्वासराव सरपोतदार ज्याने प्रत्यक्षात पाहिले नाहीत असा भाडेकरू महाराष्ट्रात सापडणं कठीण. चार तरुणांना खोली हवी, लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांना जागा देतात, म्हणून लक्ष्मीकांत बेर्डेंचा परशुराम पार्वती होतो आणि सचिनचा सुधीर सुधा. सगळा चित्रपट एका भाड्याच्या खोलीपायी घडतो.

पुरुषांनी साडी नेसून केलेला विनोद चटकन खाली घसरतो. हाही एक-दोन जागी घसरतो, तिथे मी हसत नाही. पण पार्वतीच्या डोहाळजेवणाकडे मी दर वेळी नव्याने पाहते. पोट खोटं आहे हे आपल्याला ठाऊक. पण घर सजलं आहे, बायका गाताहेत, नाचताहेत, ओटी भरण्याचा उत्साह खराच आहे. लक्ष्मीकांत त्या गर्दीच्या मधोमध बसलेला, अवघडलेला, आणि हळूहळू त्या कौतुकात रमलेला. तो एकाच वेळी पकडलं जाण्याच्या भीतीत आणि लाडांच्या सुखात आहे, आणि दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर वेगवेगळं वाचता येतं. लीलाबाईंचं एकटीचं घर या लबाड भाडेकरूंनी भरून टाकलं आहे. मागितली होती खोली, मिळालं गोकुळ. नयनतारांनी लीलाबाई कुठेही मूर्ख केली नाही, ती मायेनं फसते. म्हणून सोंग उघडं पडायची वेळ जवळ येते तेव्हा आपल्याला भाडेकरूंची काळजी वाटते त्याहून जास्त म्हातारीची वाटते.

सकाळची कॉलेजची मुलगी पुन्हा आली होती. सतरंजीवर कंडक्टर काकांच्या शेजारी बसली होती आणि दोघंही लक्ष्मीकांतच्या प्रत्येक वाक्याआधी एकमेकांकडे बघत होते.

रात्री ९:१५

लोक पांगले. केबल गुंडाळायच्या, प्रोजेक्टरचा पंखा थंड होईपर्यंत थांबायचं, सतरंज्या झाडायच्या. शिपाईमामांनी हरवलेल्या वस्तू टेबलावर मांडल्या: दोन छत्र्या, एक चष्म्याचं घर, एका मुलाची पाण्याची बाटली.

पुढच्या महिन्याचं आजच ठरवायचं होतं. ‘मुंबईचा जावई’ आणि ‘पिया का घर’ एकाच दिवशी लावावेत असं माझ्या मनात आहे. प्रोजेक्टरवाल्या काकांचं म्हणणं हिंदी आधी लावा, जया भादुरीमुळे गर्दी होईल आणि तीच मराठीला थांबेल. मी म्हटलं मूळ आधी दाखवू, म्हणजे बासूदांनी काय ठेवलं आणि काय बदललं ते लोकांना आपलं आपण दिसेल. जिना उतरेपर्यंत आमचं यावरच चाललं होतं.

फाटकाशी लालबागच्या काकू रिक्षाची वाट पाहत होत्या. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “मराठी दुपारी लाव. रात्रीचं मला आता दिसत नाही नीट, आणि तो मला बघायचाच आहे.” काकांनी लगेच मान्य केलं. मराठी दुपारी तीनला, हिंदी संध्याकाळी. परवानगीच्या पत्राचा मसुदा उद्या सकाळी टाकते.